कार्व्हरांची गाडी

शब्बाथशाळेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांची गोष्ट सांगायला घेतली की ती हटकून भुईमुगाच्या शेंगेपाशी जाऊन थांबते. शेंगेपासून तीनशे वस्तू करणारा शास्त्रज्ञ, एवढेच मुलांच्या ध्यानात राहते. आम्हीही पुष्कळ वर्षे ती तशीच सांगत आलो. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले तेव्हापासून मराठी घरांना हे नाव परके राहिलेले नाही. तरी त्या चरित्रातील एक खेचरगाडी आपल्या सांगण्यातून गळून जाते, आणि आमच्या मते तिच्यावाचून ही गोष्ट अपुरीच राहते.

कार्व्हरांचा जन्म १८६४ च्या सुमारास, अमेरिकेतील मिसूरी राज्यात, गुलाम आईच्या पोटी झाला. ते तान्हे असतानाच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. मूल परत मिळाले; आई कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या मालक दांपत्यानेच त्यांना वाढवले. प्रकृती तोळामासा, म्हणून शेतातील जड कामे त्यांच्या वाट्याला आली नाहीत. सुझनबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, शिवण, धुणे शिकायचे आणि उरलेला वेळ रानात झाडाझुडपांत घालवायचा, असे ते बालपण होते. शिकण्यासाठी निओशो गावी गेले तेव्हा मरिया वॉटकिन्स या धुणे धुणाऱ्या सुईणबाईने त्यांना घरात ठेवून घेतले. तिने दिलेले पवित्र शास्त्र त्यांनी जन्मभर जपले.

पुढे कॅन्ससमधील एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, आणि दारात उभे राहिल्यावर कातडीचा रंग पाहून परत पाठवले. १८९० साली आयोवातील सिंप्सन कॉलेजात ते चित्रकला शिकू लागले. तेथील शिक्षिका एटा बड यांनी त्यांची वनस्पतींची जाण ओळखली व त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयाकडे वळवले. त्या महाविद्यालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये उच्च पदवी. तेथेच राहिले असते तर संशोधनात सुखाने आयुष्य गेले असते. पण बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामातील टस्कीगी येथील आपल्या संस्थेत बोलावले, आणि कार्व्हर गेले.

तेथे प्रयोगशाळा नव्हती. टाकाऊ बाटल्या-डबे जमवून ती उभी करावी लागली. बाहेरची जमीन तर त्याहून वाईट. पिढ्यान् पिढ्या कापसावर कापूस घेऊन तिचा कस गेलेला, पावसाने माती वाहून जाऊन शेतांत घळी पडलेल्या. १८९७ साली राज्याने टस्कीगीला प्रयोगकेंद्र मंजूर केले. वर्षाला दीड हजार डॉलर अनुदान आणि प्रयोगाला दहा एकर जमीन. कार्व्हरांनी तेथे मुद्दाम गरिबाला जमेल असेच प्रयोग केले. विकतचे खत ज्याला परवडत नाही त्याने दलदलीतला गाळ आणि रानातला पालापाचोळा कुजवून शेतात घालावा, खोल नांगरावे, उताराला आडवे बांध घालावेत. कापसाला आळीपाळीने सुट्टी देऊन चवळी, भुईमूग, रताळी घ्यावीत. चवळी आणि भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र साठतो आणि जमिनीला खत मिळते. शिवाय घरातल्यांच्या पोटाला अन्न मिळते. आपले जुने शेतकरीही कडधान्याचा फेर घेत आलेच आहेत. तेथे मात्र कापसाने ही रीतच बुडवली होती.

हे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत जावे म्हणून कार्व्हरांनी साध्या भाषेतील पत्रिका काढल्या. त्या शेतकरी, शिक्षक आणि गृहिणी अशा तिघांनाही वाचता याव्यात अशी त्यांची रचना असे. पण ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नव्हती, आणि टस्कीगीपर्यंत येण्याची ऐपतही नव्हती. मग शनिवार-रविवारी खेचर-गाडी मागून घेऊन ते स्वतःच खेड्यांत जाऊ लागले.

यातूनच १९०६ ची गाडी आली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला, आराखडा कार्व्हरांनी केला. नांगर, बियाणे, खते, लोण्याची रवी, दूध तपासण्याचे साधन, तक्ते असे सारे तिच्यात रचलेले असे. कोणा एका शेतकऱ्याच्या शेतावर ती थांबायची, शेजारपाजारचे जमायचे, आणि व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष नांगरून दाखवले जाई. पहिल्याच उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांवर माणसे या गाडीपाशी आली. त्याच वर्षी थॉमस कॅम्बेल यांची सरकारी नेमणूक होऊन गाडी त्यांच्या हाती आली. ते देशातील पहिले कृष्णवर्णीय कृषिविस्तार अधिकारी. विद्यापीठाने आपले ज्ञान बांधावर नेऊन पोचवावे, यासाठी अमेरिकेत देशव्यापी कायदा झाला तो त्यानंतर, १९१४ साली. त्याही कायद्याचा पैसा दक्षिणेत गोऱ्यांच्या कॉलेजांमार्फत जाई, आणि टस्कीगीच्या हाती त्यातला थोडाच पडे.

या कामाला मोठी मर्यादा होती, तीही मुलांना सांगावी असे आम्हांस वाटते. बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करत. जमीनमालक आणि दुकानदार उधारी देत ती कापसाच्या तारणावर. तेव्हा भुईमूग लावा म्हणून सांगणे सोपे, लावणे अवघड. बांध घालून ज्याने जमीन सुधारली त्याला पुढच्या वर्षी तीच जमीन मिळेल याचीही खात्री नसे. कार्व्हरांचे खत बिनपैशाचे होते, पण जमिनीचा हक्क खताने मिळत नाही.

१९१० नंतर कापसाची बोंडे पोखरणारा सोंडकिडा अलाबामात पसरला आणि भुईमुगाकडे पुष्कळांना वळावेच लागले. १९१६ साली भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ पदार्थ यांवरची कार्व्हरांची पत्रिका निघाली. १९२१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांना दहा मिनिटे दिली होती. सभासदांनी वेळ पुन्हा पुन्हा वाढवून दिली आणि कार्व्हर देशभर प्रसिद्ध झाले. पीनट बटरचा शोध त्यांचा, असे काही ठिकाणी शिकवले जाते, ते खरे नाही. प्रयोगशाळेतील बहुतेक वस्तू बाजारात आल्याच नाहीत. संस्थेच्या कारभारात ते कच्चेच होते. कोंबड्यांच्या खुराड्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांची कडू खटकाखटकी झाली. पण विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून सुरू केलेला पवित्र शास्त्राचा रविवारचा वर्ग त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. १९४० साली साठवलेला पैसा संशोधनासाठी देऊन टाकला. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले.

गाडी मात्र तोवर बदलली होती. १९१८ साली खेचरांच्या जागी मोटार आली. पाच वर्षांनी तीही जुनी झाली, तेव्हा नव्या मोटारीसाठी अलाबामातील सुमारे तीस हजार कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली. त्या मोटारीत शेतीच्या माणसाबरोबर घरकाम शिकवणारी बाई आणि एक परिचारिकाही गावोगाव फिरू लागली.