खोली कोणी झाडली?

अमळनेरच्या छात्रालयातली मुले शाळेतून परत येत, तेव्हा सकाळी घाईत पसरून टाकलेली खोली स्वच्छ झालेली असे. केर काढलेला, अंथरुणे नीट घड्या घालून ठेवलेली, मळके कपडे धुऊन वाळत टाकलेले. हे काम गड्याचे नव्हते. एम.ए. झालेले, छात्रालयाची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक पांडुरंग सदाशिव साने गुपचूप येऊन ते करून जात. रागावणे नाही, उपदेश नाही. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपापल्या खोल्या आवरू लागली. या शिक्षकांना पुढे सारा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड गावी झाला. घराण्याचे वैभव ओसरले होते, दारिद्र्य आले होते. मात्र आई यशोदा हीच त्यांची खरी शाळा होती. ‘श्यामची आई’मधला श्याम म्हणजे बऱ्याच अंशी ते स्वतःच. त्यात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते, कारण जुन्या रूढीतून ती पुरती सुटलेली नाही. पण रूढीसाठी म्हातारीला ताटकळत ठेवणे तिच्या मनाला पटत नाही. त्याच पुस्तकात वडील अळणी भाजी मुकाट्याने खातात, कारण राबून स्वयंपाक करणाऱ्या बायकोचे मन दुखवायचे नसते. मोळीला हात लावायला किंवा भाजीला नावे न ठेवायला पैसा लागत नाही. मुलाच्या मनावर मात्र त्याचा ठसा जन्मभर राहतो.

आई १९१७ मध्ये गेली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गुरुजी अमळनेरला आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. नोकरी उणीपुरी सहा वर्षांची. तेवढ्यात त्यांनी खानदेशातल्या मुलांना आईची माया दिली. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढत. मुलांसाठी छात्रालयाचे हस्तलिखित दैनिक काढत. त्यात त्यांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगत.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगाचीही त्यांनी शाळाच केली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. आज घरोघरी असलेले ‘गीता प्रवचने’ त्यातूनच आले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाले. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पालगडच्या एका गरीब घरातली माया अशी लाखो घरांत पोहोचली.

थोरांची चरित्रे त्यांनी भरपूर लिहिली. ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात हजरत मुहंमद पैगंबरांचे जीवन मराठी वाचकांसाठी आदराने आणि आपुलकीने मांडले. शेजाऱ्याचा धर्म त्याच्या प्रेमळ माणसांच्या गोष्टींतून समजून घ्यावा, ही त्यांची रीत होती. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे त्यांचे आंतरभारतीचे स्वप्नही त्यातलेच.

लहानपणी उचललेली ती मोळी त्यांच्या खांद्यावरून कधी उतरलीच नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार दलितांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९४७ च्या सुरुवातीला त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा ते सुटले.

गांधीजींच्या हत्येने ते हादरून गेले आणि त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पण आतली निराशा वाढतच गेली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून या जगाचा निरोप घेतला. इतरांची अंथरुणे घालून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाचा भार हलका करता आला नाही. नेहमी देणाऱ्या माणसाचीही कधी विचारपूस करावी, हे त्यांच्या आयुष्याने मागे ठेवलेले दुःखद सांगणे आहे.

रमजानमध्ये गुपचूप दिलेल्या दानाचे मोल मोठे मानतात. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हाही सदका मानला जातो. रिकाम्या खोलीत शिरून मुलांचा केर काढणारे गुरुजी नेमके तेच करत होते. भडगावहून अमळनेर काही फार दूर नाही. आज रोजा सोडल्यावर, किंवा शेजारच्या घरी रात्रीची जेवणे आटोपल्यावर, ही गोष्ट मुलांना सांगता येईल. आणि सकाळी कोणाचे तरी अंथरूण न सांगता आवरून ठेवता येईल.