त्सुकुबाचे कळसूत्री कारागीर : ईझुका इगाशिची

आज जपानी सुतार परदेशांत जाऊन बागांमध्ये लाकडी पूल, मंडप आणि चहागृहे बांधतात. परंतु एके काळी जपानी माणसाला देश सोडण्याची सक्त मनाई होती. १६३५ साली घातलेली ही बंदी १८६६ साली उठली. त्या बंदीच्या काळात जन्मून त्याच काळात निवर्तलेल्या एका थोर कारागिराची ही ओळख.

ईझुका इगाशिची यांचा जन्म १७६२ साली याताबे गावी झाला. हे गाव आता त्सुकुबा शहरात मोडते. आपल्याकडे पाटील असत, तसे ते गावचे प्रमुख होते. गावचा कारभार सांभाळून ते लाकडाच्या कामात रमत. लोक त्यांना कळसूत्री इगा म्हणत. त्यांनी लाकडाचे भले मोठे घड्याळ केले. समोरच्या दुकानातून दारू आणणारी कळीची बाहुलीही त्यांनी केली, असे सांगतात.

पण त्यांचे खरे कसब दिसते ते त्यांच्या अंगणातील पंचकोनी वास्तूत. तिला गोकाकुदो म्हणतात. चौकोनी घराचे कोपरे काटकोनात असतात आणि सुताराचा गुण्या त्यासाठीच असतो. पंचकोनाचा प्रत्येक कोपरा मात्र १०८ अंशांचा. शिवाय खांबासमोर खांब येत नाही, समोरच्या भिंतीचा मध्य येतो. म्हणजे नेहमीचे माप येथे उपयोगाचे नाही. प्रत्येक सांधा नव्याने विचार करून कापावा लागतो.

पंख बांधून त्सुकुबा डोंगरावरून उडण्याचे त्यांच्या मनात होते, पण जहागीरदाराने परवानगी दिली नाही, अशी दंतकथा आहे. १८३४ साली भारतातील शर्तबंद मजूर मॉरिशसला येऊ लागले, तेव्हा इगाशिची बहात्तर वर्षांचे होते. आपल्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला. त्यांना ते कधीच शक्य झाले नाही. १८३६ साली ते वारले.

पुढे ३७ वर्षांनी, १८७३ साली, व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात जपानी सुतारांनी बाग, देऊळ आणि पूल उभारले. १९८५ साली तर जागतिक प्रदर्शन त्सुकुबालाच भरले. ज्यांना जगाकडे जाता आले नाही, त्यांच्या गावी जग आले.

वाचकहो, गोकाकुदो आजही उभी आहे. माणसाला अडवता येते. हातातली विद्या अडवता येत नाही. ती आपल्या मुलांच्या हाती देणे, एवढे तरी आपण करू या.