आकाशमार्गाचे अग्रदूत

कराची आणि मुंबई ही अरबी समुद्राच्या काठची दोन मोठी बंदरे. १९३२ साली ती एकाच देशात होती. विलायतेचे टपाल विमानाने कराचीस येई. पण तेथून मुंबईस ते आगगाडीने आणावे लागे. समुद्र व वाळवंटे झपाट्याने ओलांडून आलेली पत्रे शेवटच्या टप्प्यात रेंगाळत. हा टप्पा आकाशमार्गाने जोडण्याचे श्रेय जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना आहे. जे. आर. डी. याच नावाने ते सर्वांस परिचित आहेत.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी व आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या समुद्रकिनारी लहानपणी पाहिलेल्या विमानांनी त्यांना आकाशाचा ध्यास लावला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने विमानातून प्रथम करणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून, तर ॲस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. ॲस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. प्रतिस्पर्धी अडला आहे हे पाहून पुढे निघून जाणे सोपे होते; परंतु जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. ॲस्पी अवघ्या काही तासांनी जिंकला. त्या पराभवाची खंत जे. आर. डी. यांनी कधी बाळगली नाही.

पुढे नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने हवाई टपालाची योजना मांडली आणि जे. आर. डी. यांनी ती तडीस नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानात टपाल घेऊन ते कराचीहून निघाले. सोबतीस रेडिओ नव्हता. अहमदाबादेस इंधन भरून, सुमारे हजार किलोमीटरची वाट सव्वासात तासांत संपवून ते दुपारी जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी ते टपाल मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्यास उतरत. परंतु टपालाची वेळ चुकू दिली जात नसे.

याच रोपट्यातून १९४६ साली एअर इंडिया उदयास आली. ८ जून १९४८ रोजी तिच्या विमानाने मुंबईहून लंडनकडे पहिले उड्डाण केले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे. आर. डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास तशाच लहान विमानातून पुन्हा एकट्याने केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आज जेट विमान तेवढेच अंतर दीड तासाच्या सुमारास कापते. यंत्राचा वेग वाढला, पुढेही वाढेल. परंतु वेळेचा वचनासारखा मान राखणे आणि अडलेल्याला वाटेत हात देणे, हे माणसालाच करावे लागते. जे. आर. डी. यांनी दोन्ही केले.