सहा डिसेंबरचा दुसरा डॉक्टर : फ्रांत्झ फॅनन

६ डिसेंबर जवळ आला की अमरावती-अकोल्याहून आपली माणसं दादरची गाडी धरतात. ज्यांना जाणं जमत नाही, ते गावच्या विहारात किंवा पुतळ्यापाशी मेणबत्ती लावतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या एका रुग्णालयात आणखी एका डॉक्टरने शेवटचा श्वास घेतला. वय अवघं ३६. नाव फ्रांत्झ फॅनन. माणसाला हीन ठरवणारी व्यवस्था त्याच्या मनाचं काय करते, हे त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर तपासलं. आपल्या तरुणांना ते माहीत असावेत, असं आम्हाला वाटतं.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरचा. बेट फ्रान्सच्या ताब्यात होतं आणि तिथले बहुसंख्य लोक गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज होते. शाळेत मुलांना आपण फ्रेंचच आहोत असं शिकवलं जाई. फॅनन यांनीही ते खरं मानलं. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्ससाठी लढायला गेले, जखमी झाले, शौर्यपदक मिळालं. पण त्याच सैन्यात कातडीच्या रंगावरून माणसांची उतरंड लावलेली त्यांनी पाहिली. पुढे फ्रान्समध्ये तर त्यांना पाहून एक गोरं पोर भेदरलं आणि आईला बिलगलं. पदक, शिक्षण, उत्तम फ्रेंच, काहीच कामाला आलं नाही.

लियाँ शहरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं. वंशभेदाने काळ्या माणसाच्या मनात शिरणारा न्यूनगंड हा विषय त्यांनी प्रबंधासाठी मांडला. विद्यापीठाने तो स्वीकारला नाही. मग मज्जासंस्थेच्या एका आजारावर दुसरा प्रबंध लिहून त्यांनी १९५१ मध्ये पदवी घेतली. नाकारलेलं लिखाण १९५२ मध्ये पुस्तक होऊन आलं. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो 'काळी त्वचा, गोरे मुखवटे'. त्याच वर्षी एका लेखात त्यांनी दाखवलं की, उत्तर आफ्रिकेचा मजूर दुखणं घेऊन आला की फ्रेंच डॉक्टर त्याला न तपासताच ढोंगी ठरवतात.

१९५३ मध्ये ते अल्जेरियातल्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे गोऱ्यांचे आणि अल्जेरियन मुसलमानांचे वॉर्ड वेगळे होते. अल्जिअर्सचे प्राध्यापक आंत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य शास्त्राच्या नावाने शिकवत होते की, अल्जेरियन माणसाचा मेंदूच अविकसित आणि हिंसक असतो. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेने कॅरोथर्स या डॉक्टरचा ग्रंथ काढला. त्यातही आफ्रिकी माणसाचं मन असंच कमी लेखलेलं होतं. आपल्याला ही रीत ओळखीची आहे. आधी माणसाला वेशीबाहेर ठेवायचं, मग तो मुळातच हलका म्हणून बाहेर आहे असं सांगायचं. आपल्याकडे पोथी होती, तिथे प्रयोगशाळा होती.

ब्लिदात फॅनन यांनी रुग्णांच्या सभा, वर्तमानपत्र, सण-समारंभ सुरू केले. गोऱ्या स्त्रियांच्या वॉर्डात फरक दिसला. अल्जेरियन पुरुषांच्या वॉर्डात मात्र काहीच हललं नाही. फॅनन यांनी रुग्णांना दोष दिला नाही. चूक आपलीच, परकी संस्कृती आपण त्यांच्यावर लादली, असं त्यांनी लेख लिहून कबूल केलं. मग तिथे कॉफीची बैठक आली, गोष्टी सांगणारा आला, त्यांचे स्वतःचे सण आले, आणि माणसं बोलू लागली.

१९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. पोलिसांनी छळलेले लोक त्यांच्याकडे येत, आणि छळ करणारे पोलीसही येत. दिवसभर कैद्यांना मारणारा एक पोलीस घरी बायकापोरांनाही मारू लागला होता. त्यालाही त्यांनी तपासलं. अखेर, ज्या व्यवस्थेमुळे माणसं मोडतात तिच्याच नोकरीत राहून ती दुरुस्त करता येत नाहीत, या निष्कर्षाला ते आले. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली त्याच १९५६ सालाच्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. सरकारने त्यांना हद्दपार केलं. ट्युनिसमध्ये त्यांनी लढ्याचं काम केलं, पण रुग्ण तपासणं सोडलं नाही. रक्ताचा कर्करोग झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी शेवटचं पुस्तक पूर्ण केलं. त्यात युद्धाने आजारी पडलेल्या मनांवर एक अख्खं प्रकरण आहे. अल्जेरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. ते पाहायला फॅनन नव्हते.

शस्त्राच्या मार्गाबद्दल त्यांचं मत आपलं नाही. आपला मार्ग बुद्धाचा आहे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेतलीच पाहिजे. फॅनन यांनी आजाराला आजार मानलं, औषधोपचार केले, आणि त्याच वेळी रुग्ण कुठून आला, त्याच्यावर काय गुजरलं, हेही विचारलं. यातलं एक धरून दुसरं सोडलं नाही.

आपण मात्र एकच धरतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद झाली, तेव्हा अंबादेवीच्या दारात अडवलं जाण्याचा प्रश्न ऐरणीवर होता. त्या अपमानाचा हिशेब आपण हक्कांच्या भाषेत मांडायला शिकलो. मनावरच्या जखमेचा हिशेब मांडायचा राहिला. वस्तीतला एखादा पोरगा कॉलेजातून परत येतो, खोलीत कोंडून घेतो, त्याला आवाज ऐकू येतात. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. आपण कार्यकर्ते म्हणतो, चळवळीत आला की ठीक होईल. काही डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण होस्टेलवर त्याला कोणत्या नावाने हाक मारत होते, हे विचारत नाहीत. तिघेही त्याला अर्धाच पाहतात.

या ६ डिसेंबरला अभिवादन करून आल्यावर आपल्या विहारात एवढं तरी ठरवू. अशा पोराला मांत्रिकाकडे नेऊ देणार नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा गरज पडली तर नागपूरच्या मनोरुग्णालयात त्याच्यासोबत जाऊ. सरकारचा १४४१६ हा मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहू. आणि त्याच्यावर काय गुजरलं ते डॉक्टरांसमोर न लाजता सांगू.

जय भीम.