उंदीर, हॉल्डेन आणि माझी आई

गेल्या वर्षी आई रिफाला आमच्याकडे तीन महिने राहून गेली. एका संध्याकाळी लेकीने अभ्यास करता करता आजीला एक्स आणि वाय समजावून सांगितले. आईकडून नेहमी एक्सच जातो, बाबांकडून एक्स गेला तर मुलगी, वाय गेला तर मुलगा. आईने चहाचा कप खाली ठेवला. आम्ही चौघी बहिणी. चौथीच्या, म्हणजे माझ्या वेळी, घरात साधी जिलबीही आली नाही आणि बोलणी मात्र आईनेच खाल्ली. हे लोकांना कधीपासून ठाऊक आहे, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, १९०५ पासून. त्या वर्षी नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी एका किड्याच्या पेशींत ते पाहिलं.

पण नर-मादीचं प्रमाण बिघडलं तर दोष कुठे शोधायचा, याचा नियम मांडला तो जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. कॉलेजपासून हा माझा आवडता माणूस. जन्म १८९२, ऑक्सफर्डचा. वडील खाणीतल्या विषारी वायूंवर संशोधन करणारे, पोराला लहानपणीच खाणीत उतरवणारे! बहीण नेओमी हिने घरी गिनी पिग पाळले, मग उंदीर आले. या भावंडांनी आणि स्प्रंट नावाच्या मित्राने उंदरांच्या पिढ्या मोजून दाखवलं की गुलाबी डोळे आणि पांढरा रंग यांची जनुकं बहुधा जोडीने पुढे जातात. सस्तन प्राण्यांतलं असं हे पहिलंच उदाहरण. निबंध १९१५ मध्ये छापून आला, तेव्हा स्प्रंट महायुद्धात मारला गेला होता आणि हॉल्डेन सैन्यात होते. पुढे आपल्या याच आखाताच्या वरच्या टोकाला, मेसोपोटेमियात, ते जखमी झाले आणि उपचारांसाठी हिंदुस्थानात आले. देश तेव्हाच मनात भरला असावा.

विज्ञानाची पदवी नसलेल्या या गृहस्थाने १९२२ मध्ये तो नियम मांडला. दोन वेगळ्या जातींच्या संकरात एक लिंग जन्मतच नसेल, कमी जन्मत असेल किंवा वांझ निघत असेल, तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं लिंग असतं. उंदरांत आणि माणसांत तो नर. पक्ष्यांत मात्र मादी! याचं एक कारण असं की मादीच्या एका एक्सवर दोष असला तर दुसरा सांभाळून घेतो, नराचा एक्स एकुलता एक.

त्यांच्या पश्चात उंदरांत आणखी गंमत सापडली. वायवर स्लाय आणि एक्सवर स्लेक्स अशी जनुकं आहेत, त्यांची आपसात रस्सीखेच चालते. स्लाय दुबळं पडलं की पिल्लांत माद्या जास्त होतात, स्लेक्स दुबळं पडलं की नर. भांडण सगळं बापाच्या शुक्रपेशी तयार होताना, आईचा त्यात काही संबंधच नाही.

हॉल्डेन कम्युनिस्ट झाले, आणि लायसेन्कोने रशियात जनुकशास्त्राची वाट लावली तरी त्याविरुद्ध बोलायला त्यांनी फार उशीर केला. ही त्यांची चूकच. १९५७ मध्ये सुएझच्या निषेधात लंडन सोडून ते महालनोबीसांच्या बोलावण्यावरून कलकत्त्याला आले, नागरिकत्व घेतलं, कुर्ता घालू लागले. कॅन्सर झाला तर त्यावरही विनोदी कविता केली. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला गेले. देह काकिनाड्याच्या मेडिकल कॉलेजला दिला.

मी आईला हे सांगितलं आणि वर सांगितलं की चार बाळंतपणांत चारही मुली, हे साधारण सोळांतल्या एका घरी होतंच. छापा-काट्याचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, ते मात्र गुणसूत्रांचं काम नव्हे. आईने विचारलं, त्यांना मुलं किती? म्हटलं, दोन लग्नं झाली, स्वतःचं मूल एकही नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, सोळांतलं एक घर, हे तुझ्या आजीला कुणीतरी सांगायला हवं होतं गं.