जीभ, मोहोर आणि नदी : संत जॉन नेपोमुक

प्रागमध्ये व्ल्तावा नदीवर एक जुना दगडी पूल आहे, चार्ल्स ब्रिज. त्याच्या दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे रांगेने उभे आहेत. त्यातला सगळ्यात जुना पुतळा १६८३ साली बसवलेला, ब्राँझचा. डोक्याभोवती पाच तारे, अंगावर पाद्र्याचा वेश. त्याच्या चौथऱ्यावरचा पत्रा लोकांचे हात लागून लागून सोन्यासारखा चकचकीत झालाय. हा संत जॉन नेपोमुक, चेक भाषेत यान. पुलांचा, पुरापासून राखणारा आणि पापनिवेदनाचं गुपित सांभाळणारा संत.

आमच्यात पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. कुमसाराला गेल्यावर जे बोलू ते फादरच्या पोटात राहणार, हे आम्ही लहानपणीच शिकतो. त्याच्या जोडीला जॉनची गोष्टही येते. राणीने कुमसारात काय सांगितलं ते राजाने विचारलं, जॉनने सांगितलं नाही, म्हणून राजाने त्याला नदीत फेकलं. गोष्ट छोटी आहे आणि विसरता येत नाही. पण त्याचं चरित्र वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की इतिहासातला जॉन यापेक्षा बराच वेगळा माणूस होता. तो मला जास्त जवळचा वाटला, म्हणून हा लेख.

त्याचा जन्म सुमारे १३४५ साली पश्चिम बोहेमियातल्या पोमुक नावाच्या गावात झाला. याच गावाला पुढे नेपोमुक म्हणू लागले. जॉन काही तपस्वी किंवा चमत्कार करणारा साधू नव्हता. तो कागदपत्रांचा माणूस होता. प्रागच्या आर्चबिशपांच्या कचेरीत नोटरी म्हणून त्याने काम केलं. दस्त लिहायचे, नोंदी ठेवायच्या, मोहोर लावायची. पुढे तो इटलीतल्या पादुआला गेला आणि १३८७ साली चर्चच्या कायद्याचा डॉक्टर झाला. परत आल्यावर आर्चबिशप यान येनश्टेइन यांनी त्याला आपला व्हिकार जनरल नेमलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आर्चबिशपांचा मुख्य कारभारी. नेमणुका, तंटे, मठांचे व्यवहार, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं.

त्या काळी प्रागमध्ये दोन सत्ता एकमेकींना खेटून होत्या. एका बाजूला राजा वेन्सेस्लास चौथा. बाप चौथा चार्ल्स मोठा सम्राट, आणि मुलगा तापट, संशयी म्हणून बदनाम. दुसऱ्या बाजूला आर्चबिशप येनश्टेइन, तेही माघार घेणाऱ्यातले नव्हते. राजाला पश्चिम बोहेमियात एक नवा धर्मप्रांत काढायचा होता. त्यामुळे आर्चबिशपांची ताकद कमी झाली असती आणि नव्या जागी राजाला आपला माणूस बसवता आला असता. खर्चासाठी क्लाद्रुबी इथल्या श्रीमंत मठाची मालमत्ता वापरायची, असा बेत होता. तिथल्या म्हाताऱ्या मठाधिपतीच्या मरणाची तेवढी वाट बघायची होती.

१३९३ साली तो वारला. पण राजाने हालचाल करायच्या आत मठवासींनी नवा मठाधिपती निवडला, आणि व्हिकार जनरल म्हणून जॉनने ती निवड तातडीने मंजूर केली. कायद्याला धरून केलेलं एक कचेरीतलं काम, पण राजाचा सगळा बेत त्यामुळे कोसळला.

राजाने आर्चबिशपांची माणसं पकडली. आर्चबिशप स्वतः निसटले. जॉनचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे हाल करण्यात आले. बाकीचे वाचले, जॉन वाचला नाही. २० मार्च १३९३ च्या रात्री त्याला हातपाय बांधून त्याच पुलावरून व्ल्तावा नदीत टाकलं. सुटलेल्यांकडून राजाने शपथ लिहवून घेतली की इथे जे घडलं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. मला या कहाणीतली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. पुढे ज्याला मौनाचा संत म्हणून पुजलं, त्याच्या मृत्यूभोवती पहिलं मौन होतं ते धाकाचं.

ते मौन टिकलं नाही. आर्चबिशपांनी रोमला जाऊन पोपकडे लेखी तक्रार केली. त्यात जॉनचे हाल आणि मृत्यू यांचं वर्णन आहे, त्याला हुतात्माही म्हटलंय. राणीच्या कुमसाराचा उल्लेख मात्र त्यात कुठेच नाही. राजावर आरोप करताना एवढा मोठा मुद्दा आर्चबिशपांनी सोडला असता, हे पटत नाही.

मग राणी आली कुठून? ही गोष्ट लिखित स्वरूपात दिसते ती साधारण पन्नास-साठ वर्षांनी, पंधराव्या शतकाच्या मध्याला. पुढे १५४१ साली हायेक नावाच्या इतिवृत्तकाराने सालांचा असा गोंधळ केला की एकाचे दोन जॉन झाले. एक १३८३ मध्ये कुमसारासाठी मेलेला, दुसरा १३९३ मध्ये मठाधिपतीच्या प्रकरणात मेलेला. सतराव्या शतकात बोहुस्लाव बाल्बीन या जेज्विट विद्वानाने संताचं चरित्र लिहिलं, आणि राणीची गोष्ट घरोघरी पोचली.

१७१९ साली जॉनची कबर उघडली. कवटीत लालसर रंगाचा एक मऊ तुकडा मिळाला. लोकांनी ठरवलं, ही त्याची जीभ, न बोललेली आणि म्हणून न कुजलेली. १७२९ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्याला संत घोषित केलं. सेंट व्हिटस कथीड्रलमध्ये त्याची चांदीची भव्य समाधी उभी राहिली. १९७३ साली शास्त्रज्ञांनी अवशेष तपासले तेव्हा कळलं की तो तुकडा जिभेचा नाही, मेंदूच्या ऊतीचा आहे.

इथे कुणी म्हणेल, झालं तर, सगळी दंतकथाच. चेक लोकांतही हा वाद जुना आहे. यान हुसला १४१५ साली जिवंत जाळलं, त्याची आठवण पुसायला हा दुसरा यान पुढे आणला गेला, असं तिथले अनेक राष्ट्रवादी मानत. त्यात तथ्य आहे. पण लोकांनी या माणसाला नेमकी हीच गोष्ट का चिकटवली, हा प्रश्न तरी उरतोच.

त्यासाठी त्या काळचं कुमसार कसं होतं ते बघायला हवं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असं ठरवलं. त्याच नियमात गुपित फोडणाऱ्या पाद्र्याला शिक्षाही सांगितली: पद काढून घ्यायचं आणि जन्मभर मठात प्रायश्चित्त. लॅटिनमध्ये या गुप्ततेला मोहोरच म्हणतात. आज आपण बघतो ती जाळीची लाकडी खोली तेव्हा नव्हती, ती सोळाव्या शतकातली. क्रेस्पी या चित्रकाराने जॉन आणि राणीचं प्रसिद्ध चित्र काढलंय, त्यातला कुमसाराचा खोका त्या काळात नव्हताच. लोक उघड्या देवळात पाद्र्याजवळ गुडघे टेकून बोलायचे. सक्ती नवी, आडोसा नाही, आणि समोरचा माणूस त्याच गावातला. अशा वेळी विश्वासाला आधार एकच, त्या माणसाचं तोंड. सामान्य बाईमाणसाला वाटणारी धास्ती राणीच्या गोष्टीत उतरली असावी, असं मला वाटतं. राजाने विचारलं तरी जो सांगणार नाही, तो माझ्या नवऱ्याला, सासूला, सावकाराला कशाला सांगेल?

ही धास्ती आजही गेलेली नाही. मॉर्मन चर्चमध्ये बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तो आपल्यासारखाच नोकरी-धंदा करणारा, त्याच वस्तीतला माणूस, काही वर्षं ही जबाबदारी सांभाळतो. गंभीर पाप घडलं तर सभासद त्याच्याकडे जाऊन कबुली देतो. ऐकलेलं बाहेर न सांगणं हे त्याचंही कर्तव्य आहे. पण प्रकरण मोठं असेल तर ते स्टेक प्रेसिडेंट या वरिष्ठाकडे जाऊ शकतं, आणि त्या माणसाच्या सभासदत्वाचा विचार करणारी परिषदही बसू शकते. म्हणजे ज्याच्याजवळ मन मोकळं केलं, तोच उद्या निर्णय घेणाऱ्यांत असू शकतो. पश्चात्ताप खरा असेल तर त्याची किंमतही मोजावी, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो टाकाऊ नाही. पण बोलायला बसलेल्याला आधी माहीत हवं की आपण मेंढपाळाशी बोलतोय की न्यायाधीशाशी.

कॅथोलिक कायद्याने या दोन खुर्च्या वेगळ्या ठेवायचा प्रयत्न केलाय. अधिकारपदावरच्या धर्मगुरूला कुमसारात कळलेली गोष्ट कारभारात वापरता येत नाही. सेमिनरीच्या रेक्टरने आपल्याच विद्यार्थ्यांचं कुमसार, त्यांनी स्वतःहून मागितल्याशिवाय, ऐकायचं नसतं. नियम चांगले आहेत, पण नियम म्हणजे माणूस नव्हे. २०१८ साली केरळमध्ये एका चर्चच्या काही पाद्र्यांवर आरोप झाले की एका स्त्रीचं पापनिवेदन वापरून त्यांनी तिला धमकावलं आणि तिचं शोषण केलं. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. आपल्याकडे अनेकांना तिचा राग आला. मला वाटतं, त्या रागाआधी त्या बाईचा विचार यायला हवा होता. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात मुलांवरच्या अत्याचारांच्या चौकशीनंतर काही राज्यांनी कायदा केला की अत्याचाराची गोष्ट कुमसारात कळली तरी पाद्र्याने ती पोलिसांना सांगितली पाहिजे. चर्च म्हणतं, मोहोर मोडता येणार नाही. या वादात मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण एवढं कळतं की मोहोर ही बोलणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, ऐकणाऱ्याच्या किंवा संस्थेच्या अब्रूसाठी नाही. पाद्र्यांनी पाद्र्यांचं झाकलं, तर त्याला कुमसाराची गुप्तता म्हणता येत नाही. ती वेन्सेस्लासने लिहवून घेतलेल्या शपथेच्या जातीची गप्प बसणूक आहे.

म्हणूनच मला इतिहासातला जॉन जास्त उपयोगी वाटतो. तो दोन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस होता, धर्मगुरू आणि कारभारी. पडद्याआडच्या गुपितासाठी तो मेला असं सिद्ध करता येत नाही. पण आपल्या हातातली मोहोर राजाच्या मर्जीने वापरायची नाही, एवढं त्याने केलं, हे आर्चबिशपांच्या कागदावर आहे. कुमसार ऐकणाऱ्याकडे मी हीच गोष्ट बघेन. त्याला गप्प राहता येतं का, हे पुरेसं नाही. तो कुणासाठी गप्प राहतो, आणि वरून दाब आला की कुणाची बाजू धरतो, यावर माझा विश्वास ठरेल.

१६ मे हा त्याचा सण. युरोपातल्या कितीतरी लहानमोठ्या पुलांवर तो उभा आहे, पाण्याकडे पाठ करून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत.