गिअर बदलताना बसणारा धक्का आणि हेरमान फ्योटिंगर

माझ्या मामाकडे १९८० च्या दशकातली एक जर्मन डिझेल गाडी आहे, ऑटोमॅटिक गिअरची. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली. कर्वे रोडच्या सिग्नलवरून हळू निघालं की पहिल्यावरून दुसरा गिअर पडताना पाठीत गुद्दा बसावा तसा धक्का बसायचा. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की टॉर्क कन्व्हर्टर गेला, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मामा गाडी विकायच्या गोष्टी करू लागला.

मी सॉफ्टवेअरवाला. पण कुठला भाग बिघडलाय हे नक्की कळल्याशिवाय तो बदलायचा नाही, एवढं आमच्या कामातही शिकवतात. म्हणून आधी टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते वाचायला बसलो आणि तो ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या माणसापर्यंत पोचलो. त्यांची गोष्ट कळली की गाडीतला धक्का कुठून येतो आणि कुठून येत नाही, हेही कळतं. म्हणून आधी ती गोष्ट.

आधी मोजमाप

हेरमान फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात झाला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात ते १८९५ ते १८९९ या काळात शिकले, आणि तेही विद्युत अभियांत्रिकी. शिक्षण संपल्यावर नोकरी मिळाली ती मात्र जहाजाच्या कारखान्यात. स्टेटिन बंदरातली व्हल्कान ही तेव्हाची मोठी गोदी. (हे शहर आज पोलंडमध्ये आहे.)

त्या काळात जहाजाच्या इंजिनाची ताकद मोजायची पद्धत ठरलेली होती. सिलिंडरमधल्या वाफेचा दाब कागदावर उमटवायचा आणि त्यावरून हिशोब करायचा. पण सिलिंडरमध्ये तयार झालेली सगळी ताकद पंख्यापर्यंत पोचत नाही, थोडी वाटेत घर्षणात जाते. त्यात वाफेची टर्बाइन नव्यानं येत होती आणि तिला सिलिंडरच नाही. मग मोजायचं कसं?

फ्योटिंगर यांनी थेट शाफ्टकडे लक्ष दिलं. जाड पोलादी शाफ्टसुद्धा ताकद वाहून नेताना किंचित पिळला जातो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण तो मोजता आला तर पंख्याकडे किती जोर जातोय हे कळतं. त्यांनी शाफ्टवर एक लांब नळी चढवली आणि तिचं एकच टोक शाफ्टला पक्कं केलं. दुसऱ्या टोकाशी शाफ्ट नळीच्या तुलनेत किती सरकतो, ते दांड्यांच्या मदतीनं मोठं करून कागदावर उमटवलं. याच विषयावर १९०४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

दोन पाती, मध्ये पाणी

टर्बाइनचा मोठा घोळ वेगाचा होता. ती जोरात फिरते तेव्हाच नीट काम करते, तर जहाजाचा पंखा हळू फिरला तरच पाणी नीट ढकलतो. शिवाय टर्बाइन उलटी फिरत नाही आणि बंदरात जहाजाला मागे यावंच लागतं. एवढी ताकद झेलणारी मोठी दातेरी चाकं तेव्हा भरवशाची नव्हती.

फ्योटिंगर मुळात विजेचे इंजिनिअर. त्यांनी आधी तोच रस्ता तपासला: टर्बाइननं जनरेटर फिरवायचा आणि विजेवर मोटर. पण ही यंत्रं फार जड आणि महाग होत होती. मग विजेच्या जागी त्यांनी पाणी घेतलं. टर्बाइननं पंप फिरवायचा, पंपाच्या पाण्यानं दुसरं चाक फिरवायचं आणि त्या चाकानं जहाजाचा पंखा. त्यातही पाइपमधून जाताना ताकद वाया जाणार. म्हणून त्यांनी पाइपच काढून टाकले. पंपाचं चाक आणि टर्बाइनचं चाक एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवलं आणि मध्ये एक न फिरणारं पात्यांचं कडं ठेवलं. १९०५ साली त्यांनी याचं पेटंट घेतलं. विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून या यंत्रालाही ट्रान्सफॉर्मर हेच नाव पडलं.

हे समजायला घरातले दोन टेबल फॅन पुरतात. एक चालू करून दुसऱ्यासमोर ठेवला तर बंद फॅनची पाती वाऱ्यानं फिरू लागतात. दोघांमध्ये धातूचा सांधा नाही, तरी ताकद पोचते. यात न फिरणारं कडं, म्हणजे स्टेटर, नसेल तर ते नुसतं कपलिंग: जेवढा जोर आत तेवढाच बाहेर. स्टेटर असेल तर तो परत येणाऱ्या पाण्याची दिशा वळवतो आणि बाहेरचा जोर आतल्यापेक्षा वाढतो. मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये गाडी जागेवरून उठताना हा जोर साधारण दुप्पट होतो. फ्योटिंगर यांच्या पेटंटमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या.

जहाजात हार

१९०९ साली फ्योटिंगर डान्झिगच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये त्यांचा ट्रान्सफॉर्मर बसवलेलं ‘क्योनिगिन लुईझे’ हे प्रवासी जहाज पाण्यात उतरलं. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन नौदलानं त्या जहाजाला सुरुंग पेरायच्या कामाला लावलं. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश नौदलानं ते बुडवलं. त्यानं पेरलेल्या सुरुंगांवर दुसऱ्याच दिवशी ‘अँफियन’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली.

पण ट्रान्सफॉर्मरचा खरा पराभव तोफांनी केला नाही, दातेरी चाकांनी केला. ब्रिटनमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १९१० च्या सुमारास ‘व्हेस्पेशियन’ या जुन्या मालवाहू जहाजात गिअरची टर्बाइन बसवून दाखवली. चांगल्या गिअरमध्ये शंभरातली जेमतेम दोन टक्के ताकद वाया जाते. पाण्यातून ताकद नेताना त्याच्या कितीतरी पट जाते. हजारो टन कोळसा जाळणाऱ्या जहाजाला हे परवडणारं नव्हतं. ज्या कामासाठी यंत्र बनवलं, त्याच कामातून ते बाजूला पडलं.

मोटारीत जीत

मोटारीचं गणित वेगळं निघालं. सिग्नलला थांबा, निघा, पुन्हा थांबा. इथं थोडी ताकद गेली तरी चालते, पण सुरुवात मऊ हवी. ब्रिटिश इंजिनिअर हॅरोल्ड सिंक्लेअर यांनी हे कपलिंग रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पुढे आणलं आणि १९३० साली डेमलर कंपनीनं ते मोटारीत दिलं. १९२८ मध्ये कार्ल्सरूहमधल्या तिघा इंजिनिअरांनी स्टेटरला एकाच दिशेनं फिरू देणारा सांधा जोडला, त्यामुळे वेग आल्यावर कन्व्हर्टर आपोआप कपलिंगसारखा वागू लागला. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला. त्यात फ्लुइड कपलिंगच्या मागे आपोआप बदलणारे चार गिअर होते. १९४८ मध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लोमधून टॉर्क कन्व्हर्टर अमेरिकी घरांत पोचला.

फ्योटिंगर १९२४ पासून बर्लिनला शिकवत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांत सोव्हिएत फौजा शहरात घुसल्या, तेव्हाही ते बर्लिनमध्येच होते. २८ एप्रिल १९४५ रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. वय ६८. त्यांचं यंत्र लाखो गाड्यांत जाऊन बसलं ते त्यानंतर.

आपल्या पुण्याशीही या यंत्राचं नातं आहे. हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनं रेल्वेच्या डिझेल शंटिंग इंजिनांसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन बनवली. त्यांच्या पोटात काम करतं ते फ्योटिंगर यांचंच तत्त्व.

आता मामाची गाडी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन भाग असतात. पुढचा भाग फ्योटिंगर यांचा: तेलातून ताकद नेणारा कन्व्हर्टर. मागचा भाग नंतरच्या लोकांनी जोडलेला: प्लॅनेटरी गिअर, क्लच प्लेट, बँड आणि त्यांना दाबणारं तेल. कन्व्हर्टर बिघडला की गाडी उठताना मरगळते, थरथरते किंवा तेल फार तापतं. नेमका गिअर बदलताना बसणारा धक्का बहुतेक वेळा मागच्या भागातला असतो. तेलाचा दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर क्लच एकदम पकडतो आणि आपल्याला तो गुद्दा जाणवतो.

म्हणजे प्रश्न असा उरला: दाब जास्त का?

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गरम तेलाची पातळी डिपस्टिकवर बघितली, बरोबर होती. तेल लालसर होतं, जळका वास नव्हता. इंजिन माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधे ढिले असले तरी असाच धक्का बसतो, म्हणून तेही हलवून पाहिले. घट्ट होते.

मग गाडी चालवून पाहिली. हलक्या पायानं चालवली की धक्का जोरात, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गिअर व्यवस्थित पडतो. इथं पहिला धागा मिळाला. अशा जुन्या गिअरबॉक्सला कॉम्प्युटर नसतो. पाय किती दाबलाय याची खबर त्याला व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून मिळते. पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप असतो. पाय हलका असला की व्हॅक्यूम जास्त, मग तेलाचा दाब कमी आणि गिअर मऊ. पाय खाली गेला की व्हॅक्यूम कमी, दाब जास्त. नळी कुठं गळत असेल तर गिअरबॉक्सला वाटतं ड्रायव्हर कायम जोरात दाबतोय.

दुसरा धागा मामानंच सहज बोलता बोलता दिला. किल्ली फिरवल्यावरही इंजिन चार-पाच सेकंद चालू राहतं, असं तो म्हणाला. त्या गाडीत इंजिन बंद करणंही व्हॅक्यूमवरच चालतं. दोन वेगळ्या तक्रारी, पण उगम एकच.

एका ओळखीच्या मेकॅनिककडून व्हॅक्यूम गेज आणला आणि पंपापासून गिअरबॉक्सपर्यंत एकेका सांध्यावर लावत गेलो. एका वळणावरच्या रबरी सांध्याच्या पुढे काटा खाली आला. रबर चिरलं होतं. नवा सांधा शंभर रुपयांच्या आतला. तो बसवल्यावर दुसरा गिअर पडल्याचं फक्त आवाजावरून कळायला लागलं, आणि किल्ली फिरवताच इंजिन बंद होऊ लागलं.

तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल तर गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा: धक्का हलक्या पायाला बसतो की जोरात दाबल्यावर, तेल कसं आहे, आणि व्हॅक्यूम कुणी गेज लावून मोजलाय का. मोजला नसेल तर आधी तो मोजायला सांगा.